तीरकमठा : धनुष्य घडवणाऱ्या शिकाऱ्याची ओळख

तीर म्हणजे बाण आणि कमठा म्हणजे धनुष्य. महाराष्ट्रात सातपुड्याच्या रांगांतील भिल्ल व पावरा, रायगड आणि ठाण्याकडील कातकरी, गडचिरोलीतील माडिया अशा अनेक आदिवासी समाजांत बांबूचा तीरकमठा पिढ्यान् पिढ्या वापरात होता. शिकार, पिकांची राखण आणि स्वसंरक्षण ही त्याची मुख्य कामे. आज तो बहुतेकांना दिसतो तो मिरवणुकीत, क्रांतिकारकांच्या पुतळ्यांच्या हातात किंवा वारली चित्रातील शिकारीच्या प्रसंगात.

या हत्याराची एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. राजेरजवाड्यांच्या सैन्यासाठी धनुष्ये बनवणारे ‘कमानगर’ हे वेगळे कारागीर असत. तीरकमठ्याच्या बाबतीत मात्र घडवणारा आणि वापरणारा बहुधा एकच माणूस असे. बांबू त्यानेच निवडायचा, तासायचा, त्यानेच माग काढायचा आणि बाणही त्यानेच सोडायचा. त्यामुळे शिकार बंद झाली तेव्हा केवळ एक उपजीविका थांबली असे नाही. तिच्यासोबत घडवण्याची विद्याही निराधार झाली.

नावातच धनुष्य

‘भिल्ल’ हा शब्द द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक शब्दावरून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. धनुष्याला कन्नडमध्ये ‘बिल्लु’ आणि तमिळमध्ये ‘विल्’ म्हणतात. म्हणजे शेजाऱ्यांनी या समाजाला ओळखले तेच हातातल्या हत्यारावरून. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात भिल्ल समाजाची लोकसंख्या २५ लाखांहून अधिक असून राज्यातील अनुसूचित जमातींमध्ये ती सर्वांत मोठी आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक हे त्यांच्या वस्तीचे प्रमुख जिल्हे.

एकलव्याची कथाही इथे आठवते. गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा दिलेल्या या धनुर्धराला भिल्ल समाज आपला पूर्वज मानतो. भिल्ल बाण सोडताना अंगठा वापरत नाहीत, ते एकलव्याच्या आठवणीसाठी, असेही लोक सांगतात. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्यंचा ओढण्याच्या मुख्य पद्धती दोन. मध्य आशियातून आलेल्या घोडेस्वार तिरंदाजांत अंगठ्याने दोरी ओढण्याची रीत होती, आणि अंगठा कापू नये म्हणून त्यात खास अंगठी घालत. दुसऱ्या पद्धतीत तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी दोरी ओढतात. ऑलिंपिकमधील तिरंदाजही याच दुसऱ्या पद्धतीने बाण सोडतात.

मागे काही उरत का नाही?

बांबू, लाकूड, पिसे आणि तात या सगळ्या कुजणाऱ्या वस्तू. त्यामुळे जुन्या वस्त्यांच्या उत्खननात धनुष्य जवळजवळ कधीच हाती लागत नाही. मिळालीच तर दगडाची, हाडाची किंवा धातूची बाणाग्रे मिळतात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उदाहरण घेता येईल. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वस्ती. घरे, चुली, धान्याच्या कणग्या, दफने असा तपशीलवार पुरावा तिथे मिळाला. पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडे सापडली. म्हणजे शेती करणारी ही माणसे शिकारही करत होती. पण शिकाऱ्याच्या हातातली लाकडी हत्यारे मातीत टिकत नाहीत. धनुष्य घडवणारा माणूस इतिहासातून असा सहज निसटतो. त्याची विद्या टिकते ती एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवली तरच.

कमठा कसा बनतो?

सुरुवात बांबूपासून होते. कमठ्याला पोकळ, जाड पेराचा बांबू चालत नाही. भरीव किंवा जाड भिंतीचा, सरळ वाढलेला आणि पक्का झालेला बांबू लागतो. एका वर्षाचा कोंब ओला आणि लवचीक असतो, पण वाकवल्यावर पूर्ववत होत नाही. फार जुना झालेला बांबू कडक होऊन तडकतो. साधारण तीन ते चार वर्षांचा बांबू चांगला मानतात. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू जास्त टिकतो. याचे कारण त्यातील पिष्ट पदार्थाचे प्रमाण. हे प्रमाण कमी असताना तोडला तर बांबूला भुंगा कमी लागतो.

तोडलेला बांबू उभा चिरतात आणि सावलीत सुकवतात. मग कोयत्याने किंवा विळ्याने तासायला घेतात. तासायचे ते आतल्या बाजूने, बाहेरची साल शक्यतो राखायची असते. बांबूचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होत जातात. धनुष्य वाकते तेव्हा शिकाऱ्यापासून दूर असलेली बाजू ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू दाबली जाते. ताण सोसायला दाट तंतू हवेत, म्हणून साल बाहेरच्या अंगाला ठेवली की कमठा तुटत नाही.

मध्यभागी मुठीपाशी जाडी ठेवून दोन्ही टोकांकडे हळूहळू निमुळते करत नेतात. खरी कसोटी इथेच लागते. दोन्ही भुजा सारख्या वाकल्या नाहीत तर बाण वाकडा जातो आणि कमजोर भुजा लवकर मोडते. कारागीर मधूनमधून कमठा गुडघ्यावर वाकवून पाहतो, जिथे कडक वाटेल तिथे दोन-चार झटके तासतो आणि पुन्हा वाकवतो. मोजपट्टीपेक्षा नजर आणि तळहात इथे जास्त कामाला येतात. एक झटका जास्त बसला तर तेवढे लाकूड परत लावता येत नाही.

अनेक भागांत दोरीही बांबूचीच असते. सालीची लांब, पातळ कामटी काढून तिची टोके तातीने किंवा सुताने कमठ्याला बांधतात. या दोरीचा मोठा फायदा असा की ती ताणून सैल होत नाही.

मोगल आणि मराठा काळातील लष्करी कमान याहून फार वेगळी होती. लाकडाच्या गाभ्याला आतून शिंगाची पट्टी आणि बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून ती बनवत. आखूड असूनही ती जबरदस्त ताकदीची असे, पण बनवायला फार वेळ लागे, किंमत मोठी असे आणि दमट हवेत सरस सैल पडे. सातपुड्यातल्या किंवा कोकणातल्या पावसात अशी कमान सांभाळणे अवघड होते. बांबूचा कमठा ताकदीने कमी, पण फुकट मिळणाऱ्या सामानातून तयार होणारा. मोडला तर नवा करता येणारा.

बाण : अर्धे कौशल्य इथे

तिरंदाजीत चांगल्या धनुष्यापेक्षा चांगला बाण बनवणे कठीण मानले जाते. सरळ बोरू किंवा बारीक बांबू निवडायचा, शेकोटीवर गरम करून वाकडेपणा काढायचा, मागच्या टोकाला दोरी बसेल अशी खाच करायची आणि पिसे बांधायची. पिसांमुळे बाणाच्या मागच्या भागाला हवेचा अडथळा होतो आणि बाण डोलत न जाता टोक पुढे ठेवून जातो.

बाणाच्या लवचिकतेलाही महत्त्व आहे. दोरी सुटते तेव्हा बाण किंचित वाकतो, कमठ्याच्या कडेला वळसा घालून पुढे सरकतो आणि मग सरळ होतो. बाण फार कडक असेल तर एका बाजूला फेकला जातो आणि फार मऊ असेल तर दुसऱ्या. म्हणून एका कमठ्याचे बाण दुसऱ्याला बसतीलच असे नाही. घडवणारा आणि वापरणारा एकच असण्याचा फायदा इथे दिसतो.

टोके कामाप्रमाणे बदलतात. मोठ्या जनावरासाठी लोहाराकडून करून घेतलेले धारदार लोखंडी पाते. पक्ष्यांसाठी बोथट, लाकडी टोक, कारण त्याने पक्षी फाटत नाही आणि झाडावर आदळलेला बाण रुतून बसत नाही. लोखंडी पाते ही या सगळ्या साहित्यातली बहुधा एकच वस्तू, जिच्यासाठी शिकाऱ्याला दुसऱ्या कारागिराकडे जावे लागे.

शिकारीची रीत

बंदुकीची गोळी दुरून लागते आणि धक्क्याने मारते. बाणाचे तसे नसते. बांबूच्या कमठ्याने नेमकी शिकार करायची तर जनावराच्या वीस-तीस पावलांपर्यंत पोचावे लागते. त्यामुळे शिकाऱ्याचे खरे कसब बाण सोडण्याच्या आधीचे असते. वारा कुठून येतो, वाळलेल्या पानांवर पाय कसा टाकायचा, पाणवठ्यावर कोणते जनावर कोणत्या वेळी येते, लेंडी आणि पाऊलखूण किती ताजी आहे, हे सगळे त्याला वाचता यावे लागते.

बाण लागल्यावरही काम संपत नाही. बाण कापतो आणि रक्तस्राव करतो, त्यामुळे जनावर लगेच कोसळेलच असे नाही. रक्ताचे थेंब आणि मोडलेल्या काड्या पाहत त्याचा माग काढावा लागतो. घाईने मागे धावले तर जखमी जनावर आणखी दूर जाते. थांबणे हासुद्धा शिकण्याचा भाग होता.

एकट्याच्या शिकारीबरोबर हाकाऱ्याची शिकारही होत असे. काही जण ओरडत, ढोल वाजवत रान उठवत आणि बाकीचे वाटांवर दबा धरून बसत. अशा शिकारीतल्या मांसाची वाटणी सहभागी सगळ्यांत होई.

रणांगणावरचा तीरकमठा

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि डोंगराळ भागातील भिल्लांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. केवळ बळाने हा प्रदेश आटोक्यात येत नाही हे लक्षात आल्यावर १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास मिळवण्यासाठी त्याने त्यांच्याबरोबर केलेल्या शिकारींचा मोठा उपयोग झाला. तरुणांच्या हातात सरकारी बंदुका आल्या.

तरी कमठा खाली ठेवला गेला नाही. सेंधवा घाटाच्या रखवालीवर इंग्रजांनीच नेमलेले खाज्या नाईक १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे झालेल्या लढाईत भिल्लांकडे बंदुकांच्या बरोबरीने तीरकमठेही होते. इंग्रजी फौजेसमोर त्यांचे मोठे नुकसान झाले. पुढे १८६० मध्ये खाज्या नाईकांची विश्वासघाताने हत्या झाली.

कायद्याच्या यादीत

१८७८ हे वर्ष तीरकमठ्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भारतीय वन कायदा आणि भारतीय शस्त्र कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने जंगलाचे मोठे भाग राखीव झाले. दुसऱ्याने ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, तलवारी आणि भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही धरला. १९२७ च्या वन कायद्यात राखीव वनातील नियमबाह्य शिकार, मासेमारी आणि सापळे लावणे हे गुन्हे ठरले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला.

निर्णायक बदल वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने झाला. त्यातील ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळू शकत, पण १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्गही जवळपास बंद झाला. २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींना बांबूसह गौण वनोपजावर हक्क दिला. मात्र पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकारीचा हक्क त्याच कायद्याने स्पष्टपणे वगळला. थोडक्यात, कमठ्यासाठी लागणारा बांबू आता हक्काने मिळू शकतो, पण त्या कमठ्याने शिकार करता येत नाही.

या बंदीमागची कारणे खरी आहेत. विसाव्या शतकात वाघ, माळढोक, काळवीट यांची संख्या झपाट्याने घटली होती. पण त्या घटीत बंदुका, शौकाच्या शिकारी, कातड्यांचा व्यापार आणि जंगलतोड यांचा वाटा मोठा होता. वीस पावलांवरून बाण मारणारा आणि जीपमधून रायफल चालवणारा, हे दोघे कायद्यापुढे एकाच रांगेत आले. पहिल्याची उपजीविका आणि त्याचे ज्ञान यांचे पुढे काय व्हावे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

इशी : नोंद झालेला एक धनुर्धर

घडवणारा शिकारी कसा लक्षात ठेवावा, या प्रश्नावर जगातले एक उदाहरण नेहमी दिले जाते. २९ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ सुमारे पन्नास वर्षांचा एक उपाशी माणूस सापडला. तो याही या आदिवासी गटातील शेवटचा जिवंत माणूस होता. त्याच्या लोकांना गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मारून संपवले होते. आपले नाव त्याने कोणालाच सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’.

पुढची वर्षे तो सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचा मित्र आणि शिष्य झाला. जुनिपरच्या लाकडाला पाठीमागून स्नायूंचे तंतू चिकटवून धनुष्य कसे करायचे, हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देऊन काचेसारख्या दगडातून बाणाग्र कसे काढायचे, हे पोपने त्याच्याजवळ बसून शिकून घेतले आणि लिहून ठेवले. बाटलीच्या काचेपासूनही इशी सुबक बाणाग्रे करत असे. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. पोपचा याही तिरंदाजीवरील अभ्यास १९१८ मध्ये आणि धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील आधुनिक धनुष्यशिकारीची परंपरा या पुस्तकापासून सुरू झाली असे मानले जाते.

या कथेची दुसरी बाजूही आहे. मृत्यूनंतर इशीचा मेंदू काढून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला. आदिवासी गटांच्या पाठपुराव्यानंतर तो २००० मध्ये त्याच्या जवळच्या आप्तगटांना परत मिळाला. विद्या जपली गेली, पण माणसाला वस्तू मानले गेले. अशी नोंद करताना काय टाळावे, हेही या उदाहरणातून कळते.

खेळाच्या मैदानावर

भारतात तीरकमठ्याला नवी वाट मिळाली ती खेळातून. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्याने पक्षी टिपत वाढला. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या शोधमोहिमेत तो निवडला गेला. पुढे त्याने तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. देशांतर्गत स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा बांबू-लाकडाच्या धनुष्याचा वेगळा गट आजही आहे. त्यात ५० आणि ३० मीटरवरून नेम धरतात. अनेक ग्रामीण मुलांची तिरंदाजीची सुरुवात याच गटातून होते.

महाराष्ट्राचे नाव मात्र जगात गाजले ते कंपाउंड धनुष्यामुळे. हे धनुष्यही मुळात एका शिकाऱ्यानेच बनवले. अमेरिकेतील मिसुरी राज्यातला होलेस विल्बर ॲलन याने साध्या धनुष्याची टोके कापून तिथे कप्प्या बसवल्या. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण बराच कमी होतो आणि नेम धरून थांबता येते, हे या रचनेचे वैशिष्ट्य. १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे याच प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते ठरले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघांनीही साताऱ्यात प्रशिक्षण घेतले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश होणार आहे.

आज काय जपता येईल?

कार्बनचे बाण आणि धातूच्या मुठी यांच्या काळात बांबूचा कमठा स्पर्धेच्या वरच्या पातळीवर टिकणार नाही. शिकारीकडे परत जाण्याचाही प्रश्न नाही. पण बांबूची पारख, तासण्याची रीत, बाणाचा तोल, माग काढण्याचे ज्ञान यांचा उपयोग संपलेला नाही. वन्यजीवांच्या गणनेत आणि व्याघ्र प्रकल्पांच्या गस्तीत पाऊलखुणा वाचणारी माणसे लागतात. इंडियन राउंडसाठी चांगली बांबू धनुष्ये लागतात. शाळेतल्या मुलांना लवचिकता आणि ऊर्जा समजावायला कमठ्याइतके सोपे साधन क्वचितच सापडेल.

संग्रहालयातल्या काचेमागे तीरकमठा ठेवला जातो तेव्हा त्याखाली बहुधा जमातीचे नाव लिहिलेले असते, घडवणाऱ्याचे नसते. ज्यांनी स्वतः कमठा घडवून वापरला अशी पिढी आता म्हातारी झाली आहे. बांबू कधी तोडायचा, भुजा कुठे तासायची, कोणत्या बाणाला कोणते पीस, हे त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्या संमतीने नोंदवता येईल, आणि त्या नोंदीवर त्यांचे नावही घालता येईल. कमठा मोडला तर नवा करता येतो. तो करणारा हात गेल्यावर मात्र काचेमागच्या नमुन्यावरून ही विद्या पुन्हा शिकणे फार अवघड आहे.